तारापूरचा रणगाडा

सहामाही परीक्षा आटोपली, की आमच्या बोईसरातल्या वसाहतींच्या अंगणांत मातीची ढेकळे, विटांचे तुकडे आणि जुने गोणपाट गोळा होऊ लागतात. चार दिवसांत तिथे एखादा रायगड, एखादा प्रतापगड उभा राहतो. उतारावर अळीव पेरलेले असतात, तळ्याच्या जागी परात पुरलेली असते, आणि कुंभाराकडून आणलेले मावळे आपापल्या जागी पहाऱ्याला असतात. नीट न्याहाळून पाहावे, तर पायथ्याच्या वाटेवर कुणीतरी प्लास्टिकचा एक रणगाडाही ठेवलेला असतो. मोठी माणसे त्याला हसतात. महाराजांच्या वेळी रणगाडे होते का रे, म्हणून मुलांना दटावतातही. मला मात्र तो रणगाडा तिथे मुळीच परका वाटत नाही. का वाटत नाही, तेच आज सांगायचे आहे.

लहानपणी मला रणगाड्यांचे वेड होते. आधी काडेपेट्यांचे आणि दोऱ्याच्या रिळांचे, पुढे मोठेपणी इंग्लंडातल्या एअरफिक्स कंपनीच्या पेट्यांतले. रणगाडा मुळाच्या शहात्तरावा हिस्सा, म्हणजे तळहातावर मावेल एवढा. मग कारखान्यातल्या पाळ्या सुरू झाल्या, संसार वाढला, आणि डिंकाची ती बाटली कुठल्या कपाटात वाळून गेली हे कुणालाच कळले नाही. मध्ये तीस-बत्तीस वर्षे गेली. निवृत्तीनंतर मुलाने एक पेटी आणून दिली. तिच्यावर सेंच्युरियन रणगाड्याचे चित्र होते आणि खाली १ : ३५ असे प्रमाण छापले होते.

हा पस्तिसाचा आकडा मोठा गमतीचा आहे. शंभर, पन्नास किंवा पंचवीस असा सुटसुटीत आकडा का नाही, असे कुणालाही वाटेल. जपानच्या तामिया कंपनीने १९६० च्या दशकाच्या आरंभी जर्मनांच्या पँथर रणगाड्याची प्रतिकृती काढली, तेव्हा तिच्या पोटात छोटी मोटर आणि दोन सेल मावायला हवे होते. ते मावतील एवढे पोट केले आणि मग मोजून पाहिले, तर प्रमाण पस्तिसाच्या आसपास निघाले. पुढे सगळ्या जगाने तेच प्रमाण उचलले. प्रमाणे पुष्कळदा शास्त्रापेक्षा सोयीतून जन्माला येतात, त्याचे हे एक उदाहरण.

त्या हिशेबाने माझ्या टेबलावरचा सेंच्युरियन पावणेदहा सेंटिमीटर रुंद आणि सव्वाआठ-साडेआठ सेंटिमीटर उंच आहे. खरा रणगाडा सुमारे ५० टनांचा. त्याच्या फिरत्या बुरुजाच्या दर्शनी भागाचे पोलाद १५२ मिलिमीटर जाड, ते माझ्याकडे जेमतेम सव्वाचार मिलिमीटर होते. लष्करातले लोक या बुरुजाला टरेट म्हणतात. मी आपला बुरूजच म्हणतो. किल्ल्यांच्या मुलखात राहणाऱ्या माणसाला दुसरा शब्द सुचायचा कसा? केळवे, माहीम, शिरगाव, तारापूर अशी किल्ल्यांची माळच आमच्या किनाऱ्यावर पडली आहे.

आणि माझ्या सेंच्युरियनची खरी कथा त्यांतल्या तारापूरच्या नावापासूनच सुरू होते.

तारापूर म्हटले की आज लोकांना १९६९ साली सुरू झालेले अणुवीज केंद्र आठवते, नाही तर औद्योगिक वसाहतीतल्या रसायनांचा वास. त्याआधीचे तारापूर म्हणजे खाडीकाठचे बंदर आणि पोर्तुगीजांचा दगडी कोट. चिमाजी आप्पांच्या वसई मोहिमेत, जानेवारी १७३९ मध्ये, हा कोट मराठ्यांनी हल्ला करून घेतला. हल्ल्यात बाजी भीवराव रेठरेकर हा नामांकित सरदार पडला. बाजीरावाने त्याच्या आईला लिहिलेले सांत्वनाचे पत्र इतिहासाच्या वाचकांना ठाऊक आहे. वसई पडली त्याच वर्षीच्या मे महिन्यात. तारापूरची किंमत आधीच मोजून झाली होती.

पुढे पेशव्यांकडून हा किल्ला विकाजी मेहेरजी या तारापूरच्याच पारशी गृहस्थाला इनाम मिळाला. या घराण्याचा पराक्रम तलवारीचा नव्हे, पेढीचा. विकाजी आणि त्याचा भाऊ पेस्तनजी यांनी निजामाच्या राज्यात एवढा व्यवहार वाढवला, की औरंगाबादेच्या टांकसाळीतून पडलेल्या रुपयाला लोक ‘पेस्तनशाही’ म्हणू लागले. समुद्रकाठच्या एका गावातून निघालेली माणसे दक्षिणेतल्या एका राज्याला कर्ज देत होती! तारापूर आणि हैदराबाद यांच्यामधली वाट पारशांनी अशी बरीच आधीपासून मळवलेली होती. आपल्या कथेचा नायक याच वाटेवर भेटतो. तो मात्र पेढीवाल्यांच्या घरातला नव्हे.

अर्देशीर बुर्झोरजी तारापोर यांचा जन्म १८ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबईत झाला. कुळाची परंपरा अशी, की पूर्वज रत्नजीबा हे शिवाजी महाराजांच्या सैन्यात होते, त्यांना शंभर गावे इनाम मिळाली, आणि त्यांतल्या मुख्य गावावरून, म्हणजे तारापूरवरून, घराण्याला नाव पडले. इतिहासाचा विद्यार्थी इथे जरा थबकेल, कारण शिवकाळात तारापूर पोर्तुगीजांच्या ताब्यात होते. इनामाचा काळ किंवा तपशील पिढ्यान्‌पिढ्यांच्या सांगण्यात बदलला असेल. परंतु पारशी घराण्याने गावाचे नाव आडनाव म्हणून मिरवावे, आणि कुळकथेत महाराजांच्या चाकरीचा अभिमान जपावा, एवढे तरी खरेच आहे; आणि माझ्या मते तेही थोडे नाही.

आजोबांच्या वेळी हे कुटुंब हैदराबादेला गेले. अर्देशीरचे शिक्षण पुण्यात, सरदार दस्तूर शाळेत झाले. १९४२ मध्ये ते हैदराबाद संस्थानच्या पायदळात अधिकारी झाले. त्यांचा ओढा मात्र चिलखती दलाकडे. एकदा बाँबफेकीच्या सरावात एका रंगरुटाच्या हातचा बाँब नेम चुकून खंदकातच पडला. तारापोरांनी झेप घेऊन तो उचलला आणि बाहेर फेकला. तो फुटला, त्याचे तुकडे त्यांच्या अंगात घुसले. ही गोष्ट संस्थानचे सेनापती एल एद्रूस यांनी डोळ्यांनी पाहिली. त्यांनी शाबासकी दिली, तेव्हा या तरुणाने तेवढी संधी साधून चिलखती पलटणीत बदली मागून घेतली! हैदराबाद भारतात विलीन झाल्यावर ते पूना हॉर्समध्ये आले.

पूना हॉर्स हे नावही आपल्याच मुलखातले. १८१७ साली पुण्यात, दुसऱ्या बाजीरावाशी झालेल्या तहान्वये उभे राहिलेले हे घोडदळ. १८५७ च्या फेब्रुवारीत इराणातल्या खुशाब येथे या रेजिमेंटच्या पूर्वजांनी पायदळाचा चौकोन फोडून नाव कमावले. घोडे गेले, रणगाडे आले, तरी आठवण राहिली. १९६५ मध्ये रेजिमेंटचे प्रमुख असलेल्या लेफ्टनंट कर्नल तारापोरांच्या सेंच्युरियनचे नाव ‘खुशाब’ होते. तेवढी तीन अक्षरे रंगवण्यासाठी मी एकच केस असलेली कुंचली वापरली आणि श्वास रोखून बसलो. घरच्यांना वाटले, दम्याचा त्रास पुन्हा उपटला.

११ सप्टेंबर १९६५ रोजी सियालकोट आघाडीवर फिलोरा घेण्याची मुख्य चढाई पूना हॉर्सकडे होती. समोर अमेरिकन पॅटन होते, ९० मिलिमीटर तोफेचे, अंतर मोजण्याचे नाजूक यंत्र पोटात बाळगणारे. आपल्या सेंच्युरियनची वीस पौंडी तोफ ८४ मिलिमीटरची. कागदावर पॅटन सरस; परंतु कागदावर लढाया होत नाहीत. वझीरवालीकडून शत्रूच्या रणगाड्यांनी प्रतिहल्ला केला, तरी तारापोर जागचे हलले नाहीत आणि फिलोऱ्यावर चालून गेले. त्यांना जखम झाली. मागे नेण्यास त्यांनी नकार दिला. १४ तारखेला वझीरवाली घेतले. १६ तारखेला जस्सोरन आणि बुत्तूर-डोग्रांदी ही गावे घेतली, आणि तिथेच त्यांना वीरमरण आले. परमवीरचक्राच्या प्रशस्तिपत्रात नोंद आहे, की त्यांच्या रेजिमेंटने शत्रूचे सुमारे ६० रणगाडे नष्ट केले आणि स्वतःचे ९ गमावले.

आकडे वाचताना माणूस पुढे सरकतो. हाताने करू लागले, की अडतो. माझे हात अडले ते बुरुजावरच्या झाकणापाशी. पेटीतल्या कागदावर दोन्ही पर्याय दिलेले असतात: झाकण उघडे ठेवा, नाही तर बंद करून चिकटवा. बंद केले की काम सोपे, आतले भाग करावे लागत नाहीत. पण बंद झाकणाखालच्या कमांडरला बाहेरचे जग दिसते ते काचेच्या अरुंद फटींतून. धूळ उडालेली, ऊस उभा, कोणता रणगाडा आपला आणि कोणता परका हे ओळखायचे क्षणात. म्हणून कमांडर डोके बाहेर काढून उभे राहतात. तारापोर लढाईभर असेच उभे असत, असे त्यांच्याविषयी सांगितले जाते. हाताला झालेल्या जखमेसह. दीडशे मिलिमीटरच्या पोलादातून बाहेर काढलेल्या त्या छाती-डोक्यावर, पाहू गेले तर, एका सुती गणवेशापलीकडे काहीच नव्हते.

माझ्या प्रमाणात पुरा माणूस पाच सेंटिमीटरचा. बाहेर दिसतो तो दीड-दोन सेंटिमीटरचा. तेवढा तुकडा रंगवून बसवला आणि अंगणात जाऊन मोजून पाहिले. एक किलोमीटर म्हणजे माझ्या हिशेबाने साडेअठ्ठावीस मीटर. आमच्या इमारतीच्या फाटकापासून पाण्याच्या टाकीपर्यंत. तिथून माझ्या रणगाड्याकडे पाहिले तर रणगाडा दिसतो, पण त्यातले ते डोके दिसत नाही. ते दिसत नसले तरी तोफेला दिसण्याची गरज नसते, हे तेव्हा कळले. एरवी दिवाळीची साफसफाई ही या छंदाची सख्खी वैरीण असते. केरसुणीने आजवर किती चाके आणि कड्या गिळल्या असतील त्याची गणती नाही. तो दीड सेंटिमीटरचा माणूस मात्र मी चष्म्याच्या डबीत ठेवला होता.

तारापोरांनी लढाईआधी आपल्या सहकाऱ्याला सांगून ठेवले होते, की आपण पडलो तर रणभूमीवरच दहन व्हावे. प्रार्थनेचे पुस्तक आईला द्यावे, सोनसाखळी पत्नीला, अंगठी मुलीला. कडे, घड्याळ आणि फाउंटनपेन मुलाला. पारशी धर्मात दहनाची रीत नाही, हे लक्षात घेतले म्हणजे या मागणीचे वजन कळते. शत्रूच्या तोफा चालू असताना त्यांच्या इच्छेप्रमाणेच झाले. ते तेव्हा बेचाळीस वर्षांचे होते.

२३ जानेवारी २०२३ रोजी अंदमान-निकोबारमधल्या २१ बेटांना परमवीरचक्राच्या मानकऱ्यांची नावे देण्यात आली. त्यांत एक तारापोर बेट आहे. खाडीकाठच्या गावाचे नाव घोड्यावरून, रणगाड्यावरून फिरत पुन्हा समुद्रात पोचले.

सेंच्युरियन डोळ्यांनी पाहायचा असेल तर मात्र एवढ्या दूर जावे लागत नाही. आताच्या अहिल्यानगरात, म्हणजे आपल्या जुन्या अहमदनगरात, १९९४ पासून रणगाड्यांचे संग्रहालय आहे. पन्नासाच्या आसपास गाड्या मोकळ्या जागेत ओळीने उभ्या आहेत. याच पूना हॉर्सच्या अरुण खेत्रपालांनी १६ डिसेंबर १९७१ रोजी बसंतरच्या लढाईत ज्यावर प्राण ठेवला, तो ‘फामागुस्ता’ नावाचा सेंच्युरियनही नगरच्याच चिलखती दल केंद्रात जपलेला आहे. मुलांना घेऊन जाणार असाल तर मोजपट्टी बरोबर न्या. चाके प्रत्येक बाजूला सहा आहेत, आणि ती दोन-दोनच्या जोडीने लटकवलेली आहेत. अंगणातल्या किल्ल्याच्या पायथ्याशी ठेवायचा रणगाडा पुठ्ठ्याचा करायचा, तरी ही जोडी चुकू देऊ नका. माझ्या शेजारच्या मुलाने परवा ती चारच केली होती, आणि मी नको म्हणत असताना रात्री नऊला उरलेली दोन कापायला बसला.