लोक काय म्हणतील? : लहान धंद्याची एक जुनी भीति



भिंगार हें नगरपेक्षां जुनें गांव. अहमद निजामशहानें १४९४ सालीं आपलें शहर वसविलें तें या भिंगारच्या शेजारीं. पुढें शहर वाढलें, इंग्रजी अमदानींत लष्कराची छावणी आली, आणि जुनें भिंगार नव्या शहराच्या सावलींत राहिलें. जिल्ह्याचें नांव आतां अहिल्यानगर झालें आहे. तरी हातमागाचीं लुगडीं आणि तांब्यापितळेचीं भांडीं यांसाठीं हा परिसर एके काळीं प्रसिद्ध होता, ही आठवण कायम आहे.

अशा गांवांतील कारागिराची एक अडचण हिशेबाच्या कोणत्याही वहींत मांडलेली सांपडत नाहीं. एका मागाचे दोन माग करावयाचे तर भांडवल लागतें, हें सर्वांना समजतें. पण त्यासाठीं शेजाऱ्यांच्या, भाऊबंदांच्या आणि जुन्या गिऱ्हाइकांच्या नजरेखालून जावें लागतें, याची नोंद कोण ठेवणार? धंदा लहान असतो तोंपर्यंत त्याकडे कोणी पाहत नाहीं. तो वाढूं लागला कीं नाक मुरडणारे भेटतात, आणि बसला तर ‘आम्ही म्हटलेंच होतें’ असें म्हणणारे तयारच असतात. लहान गांवांत ही नजर अधिक बोंचते. कारण तेथें प्रत्येकाला प्रत्येकाचा बाप ठाऊक असतो.

या भीतीचें करावें काय? इतिहासांत याचें एक चांगलें उत्तर आहे. त्यासाठीं भिंगारहून दूर, बेळगांवास जावें लागेल.

लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजीं बेळगांव जिल्ह्यांतील गुर्लहोसूर येथें झाला. चित्रकला शिकण्यासाठीं ते मुंबईस गेले. पण कांहीं रंग नीट ओळखतां येत नाहींत असें आढळल्यामुळें तो मार्ग खुंटला. मग ते यंत्रांच्या रेखाचित्रांकडे वळले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्यें शिक्षक झाले. बेळगांवांत १८८८ सालीं सायकलींचें लहानसें दुकान निघालें. लक्ष्मणरावांनीं मुंबईहून सायकली धाडाव्या, बंधु रामूअण्णांनीं त्या विकाव्या आणि गिऱ्हाइकाला बसावयासही शिकवावें, अशी कामाची वांटणी होती. पुढें बढतीच्या वेळीं लक्ष्मणरावांना डावलण्यांत आलें, तेव्हां नोकरी सोडून ते बेळगांवीं परत आले.

हा निर्णय त्या काळीं किती अवघड होता, हें आज सहज ध्यानांत येत नाहीं. ब्राह्मणाच्या शिकलेल्या मुलानें मास्तर, वकील किंवा कारकून व्हावें, हा पांढरपेशा समाजाचा दंडक. लोखंड तापविणें, ठोकणें हें लोहाराचें काम. त्याला हात लावणें म्हणजे प्रतिष्ठा गमावणें. तरीही लक्ष्मणरावांनीं कडबा कापण्याचीं यंत्रें केलीं आणि १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर तयार केला.

नांगर मात्र कोणी घेईना. लोखंडानें जमिनींत विष उतरतें, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिले थोडे नांगर विकले जाण्यास सुमारें दोन वर्षें लागलीं.

येथें आपण क्षणभर थांबूं. लक्ष्मणरावांच्या भोंवतीं टीका करणारे दोन प्रकारचे लोक होते, असें म्हणतां येईल. शिकलेल्यानें लोखंड ठोकावें काय, असें म्हणणाऱ्याचें त्या कारखान्यांत कांहींच गुंतलेलें नव्हतें. कारखाना चालला काय, बुडाला काय, त्याची भाकरी कमी होणार नव्हती. शेतकऱ्याची गोष्ट वेगळी. त्याचा हंगाम, त्याचे बैल, त्याची जमीन पणाला लागणार होती. लांकडी नांगर गांवचा सुतार बलुत्यावर करून देई. त्यासाठीं रोख पैसा मोजावा लागत नसे आणि मोडला तर दुरुस्त करणारा दारांतच असे. लोखंडी नांगर रोखीनें घ्यावयाचा, आणि तो मोडला तर जावें कोणाकडे? विषाची समजूत खोटी होती. पण तिच्या आड दडलेली काळजी खरी होती. ती वादानें मिटणारी नव्हती. पीक पाहूनच ती मिटणार होती, आणि त्यासाठीं कारखानदाराला वाट पाहणें भाग होतें.

ती वाट पाहत असतांनाच दुसरें संकट आलें. बेळगांवच्या नगरपालिकेनें कारखान्याची जागा सोडण्यास सांगितलें. उभा केलेला धंदा गांवादेखत मोडून न्यावा लागणें, यासारखी मानहानि दुसरी नाहीं. त्या वेळीं औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधि यांनीं कुंडल रोड स्टेशनाजवळ जमीन दिली, दहा हजार रुपयांचें कर्जही दिलें. ती जमीन निवडुंगानें भरलेली, सापांनीं व्यापलेली. तेथें १९१० च्या मार्च महिन्यांत किर्लोस्करवाडीचा आरंभ झाला. पुढें त्याच माळावरून नांगर महाराष्ट्रभर गेले.

त्या वसाहतींत लक्ष्मणरावांनीं माणसें कशीं निवडलीं, हें विशेष पाहण्यासारखें आहे. शाळा अर्ध्यावर सोडलेल्या मुलास त्यांनीं यंत्रावर उभें केलें. एके काळीं दरोडेखोर म्हणून ज्यांना गांव भीत असे, त्यांच्याकडे पहारा सोंपविला. वाडींत अस्पृश्यता पाळावयाची नाहीं, असा नियम घातला. लोकांनीं मारलेला शिक्का ज्यानें स्वतःच्या बाबतींत मानला नाहीं, त्यानें तो दुसऱ्याच्या कपाळींही मारला नाहीं. मला तर वाटतें, ही भीति खरोखर गेल्याची खूण हीच.

‘ऐकावें जनाचें, करावें मनाचें’ असें आपण म्हणतों. या म्हणीला एक पुरवणी जोडली पाहिजे: कोणत्या जनाचें ऐकावें, हें आधीं ठरवावें. भिंगारच्या एखाद्या विणकरानें दुसरा माग घेतला, किंवा एखाद्या गृहिणीनें घरचें लोणचें बाजारांत नेलें, तर लोक बोलणारच. बोलणारा माल विकत घेणारा आहे काय, तो वापरणारा आहे काय, त्यासाठीं पैसा लावणारा आहे काय, एवढें पाहावें. असेल, तर त्याचा कडू शब्दही जपून ठेवावा आणि माल सुधारावा. नसेल, तर त्याला नम्रपणें रामराम करून आपल्या कामाला लागावें. भीति तेवढ्यानें समूळ जाईल असें नाहीं. परंतु ती मालकिणीसारखी गादीवर बसणार नाहीं, दाराशीं उभी राहील.

लक्ष्मणराव १९५६ सालीं वारले. बेळगांवांत त्यांना नांवें ठेवणारे कोण होते, हें आज कोणाला आठवत नाहीं. किर्लोस्करवाडीचें स्टेशन मात्र आगगाडीच्या वाटेवर अजून लागतें.