अफूवर्गीय वेदनाशामकांचे व्यसन

अफूच्या बोंडातील द्रव्यांपासून काढलेली किंवा त्यांच्याच धर्तीवर प्रयोगशाळेत बनवलेली वेदनाशामक औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीवर सुरू होऊन पुढे सुटेनाशी होणे, हा मेंदूचा एक चिवट आजार आहे. मात्र उपचारांना तो चांगला प्रतिसाद देतो. मॉर्फिन, कोडीन, ट्रॅमाडॉल, टॅपेंटाडॉल, पेंटाझोसिन, ऑक्सिकोडोन, फेंटानिल आणि ब्युप्रेनॉर्फिन ही या वर्गातील प्रमुख औषधे. पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांचे धोके वेगळे आहेत, पण ती अफूवर्गीय नव्हेत. ‘पेनकिलर’ या एकाच शब्दात आपण सगळ्यांना कोंबतो आणि तिथेच फसगत होते. ट्रॅमाडॉल आणि पॅरासिटामॉल एकाच गोळीत एकत्र मिळतात. घरच्यांना वाटते, साधी अंगदुखीची गोळी आहे. पट्टीच्या मागची बारीक अक्षरे वाचली तरच आत काय आहे ते कळते.

मेंदू, मज्जारज्जू आणि आतडी यांतील पेशींवर ‘म्यू’ नावाचे ग्राही असतात. शरीर स्वतः तयार करत असलेल्या एंडॉर्फिन, एन्केफॅलिन या द्रव्यांसाठी ते असतात. अफूचे रेणू त्यांतच जाऊन बसतात. कँडेस पर्ट आणि सॉलोमन स्नायडर यांनी १९७३ मध्ये मेंदूतील हे ग्राही दाखवून दिले. औषध ग्राहीवर बसले की वेदनेचा निरोप वर पोहोचणे मंदावते, आणि जो पोहोचतो तोही तितका छळत नाही. त्याच वेळी डोपामिन वाढून एक ऊबदार निवांतपणा येतो. श्वासाची लय मंदावते, बद्धकोष्ठ होतो, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात. काही आठवड्यांत शरीर औषधाला सरावते: काल एका गोळीने थांबणारी कळ आज दीड गोळी मागते. दीर्घ वापरात कधीकधी उलटेच घडते. औषधामुळेच वेदनेची जाणीव तीव्र होते, रुग्ण आणखी डोस घेतो आणि दुखणे आणखी वाढते.

सरावणे आणि व्यसन या दोन गोष्टी मात्र एक नाहीत. कर्करोगाच्या रुग्णाला महिनोन्‌महिने मॉर्फिन दिले तर त्याचे शरीर औषधावर अवलंबून राहील आणि अचानक बंद केल्यास त्याला त्रासही होईल. तेवढ्याने तो व्यसनी ठरत नाही. व्यसनात इच्छेवरचा ताबा जातो: नुकसान दिसत असूनही माणूस औषधामागे धावतो. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेची २०१३ पासून वापरात असलेली निदानपद्धती ११ निकष देते. वर्षभरात त्यांपैकी २ किंवा ३ आढळले तर आजार सौम्य, ४ किंवा ५ असतील तर मध्यम आणि ६ वा अधिक असतील तर तीव्र मानतात. औषध डॉक्टरांच्या देखरेखीखाली, सांगितल्याप्रमाणेच घेतले जात असेल, तर सरावणे आणि बंद केल्यावरचा त्रास हे दोन निकष मोजायचे नाहीत, असे ती पद्धती स्पष्ट सांगते. व्यसनाच्या धास्तीने मरणासन्न माणसाचे मॉर्फिन रोखणे ही क्रूरता आहे, आणि आपल्या देशात ती फार काळ चालली. अमली पदार्थांच्या १९८५ च्या कायद्यात २०१४ मध्ये दुरुस्ती होऊन ‘अत्यावश्यक अमली औषधे’ हा प्रकार आला, तेव्हा कुठे परवान्यांचे जंजाळ कमी झाले.

उलट टोकाची चूक अमेरिकेने केली. १९८० मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये पाच वाक्यांचे एक पत्र छापून आले: रुग्णालयात अफूवर्गीय औषध मिळालेल्या ११,८८२ रुग्णांपैकी फक्त चौघांत व्यसनाची नोंद सापडली. ते रुग्ण रुग्णालयात दाखल होते, औषध परिचारिकेच्या हातून मिळत होते. घरी नेऊन महिनोन्‌महिने घेण्याच्या गोळ्यांशी त्याचा संबंध नव्हता. तरी पुढे शेकडो लेखांनी ते पत्र ‘व्यसन क्वचितच लागते’ याचा पुरावा म्हणून वापरले. १९९६ मध्ये पर्ड्यू फार्मा कंपनीने ऑक्सिकोडोनची सावकाश विरघळणारी गोळी, ऑक्सिकॉन्टिन, बाजारात आणली आणि पाठदुखीपर्यंत सगळ्यासाठी ती खपवली. व्यसनाच्या धोक्याबद्दल दिशाभूल केल्याचा गुन्हा कंपनीने २००७ मध्ये न्यायालयात कबूल केला. २०१० मध्ये गोळी सहज कुटता येऊ नये असे तिचे रूप बदलले. पण ज्यांना व्यसन जडले होते त्यांच्या उपचारांची सोय त्या प्रमाणात झाली नाही आणि अनेकजण हेरॉइनकडे, मग चोरट्या फेंटानिलकडे वळले. पुरवठा आवळायचा आणि आजारी माणसाला वाऱ्यावर सोडायचे, याची किंमत त्या देशाने प्रेते मोजून दिली.

भारतातील वाट निराळी आहे. येथे चिठ्ठीपेक्षा मेडिकलचा काउंटर अधिक कामी आला. डेक्स्ट्रोप्रॉपॉक्सिफीन असलेल्या पोटदुखीच्या कॅप्सुली वर्षानुवर्षे नशेसाठी वापरल्या जात; त्या औषधावर २०१३ मध्ये बंदी आली. त्याची जागा ट्रॅमाडॉलने घेतली. एप्रिल २०१८ मध्ये ट्रॅमाडॉलही अमली पदार्थांच्या कायद्याखाली आणले गेले. कोडीनचे खोकल्याचे औषध, ट्रॅमाडॉल, पेंटाझोसिन यांचा समावेश एच-वन या अनुसूचीत आहे: दुकानदाराने चिठ्ठी पाहून, रुग्ण आणि डॉक्टर यांची नावे वेगळ्या वहीत लिहून ती ३ वर्षे जपायची असते. ही वही प्रामाणिकपणे लिहिली गेली तर पुष्कळ घरे वाचतील. दिल्लीच्या एम्सने केंद्र सरकारसाठी केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार १० ते ७५ वयोगटातील सुमारे २.१ टक्के लोक अफूवर्गीय पदार्थ घेत होते. औषधी गोळ्या-इंजेक्शने घेणाऱ्यांचे प्रमाण १ टक्क्याच्या जवळ होते आणि खुद्द अफूपेक्षा जास्त होते. फेब्रुवारी २०२५ मध्ये टॅपेंटाडॉल आणि कॅरिसोप्रोडॉल यांच्या मिश्र गोळ्या मुंबईच्या एका कंपनीकडून पश्चिम आफ्रिकेत नशेसाठी पोहोचत असल्याचे उघड झाले, आणि औषध नियंत्रकांनी त्या मिश्रणाचे उत्पादन व निर्यात थांबवली.

ओळखायचे कसे? सुरुवात बहुधा निरुपद्रवी असते. कंबरेच्या दुखण्यासाठी दहा गोळ्यांची पट्टी मिळते, ती पाच दिवस पुरते; दोन महिन्यांनी तेवढीच पट्टी दोन दिवसांत संपते. जुन्या चिठ्ठीची झेरॉक्स निघते. एक मेडिकल सोडून दुसऱ्या पेठेतले गाठले जाते, दोन डॉक्टरांना एकमेकांचा पत्ता लागू दिला जात नाही. पट्ट्या तांदळाच्या डब्यात, गाडीच्या डिकीत सापडतात. दुखणे विचारले तर माणूस चिडतो. गोळी पोटात गेली की तासाभरात गोड बोलतो. दुपारी बसल्या जागी पेंगणे, बोलताना वाक्य अर्धे सोडणे, उजेड कमी असतानाही बारीक राहणाऱ्या बाहुल्या, हट्टी बद्धकोष्ठ, पुरुषांत कामेच्छा घटणे, स्त्रियांत पाळी चुकणे ही लक्षणे एकत्र दिसली तर शंका घ्यावी. इंजेक्शनची खूण आणखी स्पष्ट असते. पेंटाझोसिन वर्षानुवर्षे टोचलेली मांडी लाकडासारखी टणक लागते, कातडी काळवंडून खाली ओढली जाते, भरून न येणाऱ्या जखमा राहतात. हे औषध हाताशी असणाऱ्या डॉक्टर, परिचारिका, वॉर्डबॉय यांच्यात हे व्यसन आढळते, आणि बदनामीच्या भीतीने तेच सर्वांत उशिरा उपचाराला येतात.

सर्वांत ठळक पुरावा गोळी न मिळाल्यावर दिसतो. वैद्यकात त्याला विथड्रॉवल म्हणतात, व्यसनमुक्ती केंद्रांच्या बोलीत ‘टर्की’. शेवटच्या डोसनंतर ८ ते २४ तासांत जांभयांवर जांभया येतात, नाक-डोळे वाहू लागतात, भर उन्हाळ्यात अंगावर काटा उभा राहतो. पोटात मुरडा, जुलाब, हाडे पिळवटल्यासारखी ठणक, पाय स्थिर न राहणे, झोप पार उडणे हे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कळसाला जाते आणि आठवड्याभरात ओसरते. ट्रॅमाडॉल सेरोटोनिन आणि नॉरएपिनेफ्रिनवरही काम करते, म्हणून ते बंद केल्यावर काहींना धडकी भरते, मुंग्या येतात, भास होतात. जास्त डोसमध्ये झटकेही येतात. डॉक्टर ११ मुद्द्यांच्या एका तक्त्यावर या त्रासाला गुण देतात आणि त्यावरून उपचाराची वेळ ठरवतात.

उपचाराबद्दलचा सर्वांत घातक समज असा, की खोलीत कोंडून आठ दिवस काढले की माणूस सुटला. अंगातून औषध उतरवणे ही केवळ पहिली पायरी आहे. ती ओलांडून घरी परतलेल्या माणसाची ओढ तशीच असते, पण शरीराचा सराव मोडलेला असतो. महिनाभराने त्याने जुन्या हिशेबाने गोळ्या घेतल्या तर श्वास थांबू शकतो. म्हणून दीर्घकाळ औषध देऊन सांभाळणे हा आज सर्वांत भक्कम पुरावा असलेला मार्ग आहे. न्यूयॉर्कमध्ये व्हिन्सेंट डोल आणि मारी निस्वांडर यांनी १९६५ मध्ये अशाच उपचारासाठी वापरलेल्या मेथाडोन या औषधाचे परिणाम प्रसिद्ध केले. भारतात ब्युप्रेनॉर्फिन अधिक वापरले जाते, एकटे किंवा नॅलोक्सोनसह. ते त्याच ग्राहीवर घट्ट बसते पण तो अर्धवटच जागवतो. त्यामुळे टर्की थांबते, ओढ कमी होते आणि श्वासावरचा धोका मर्यादित राहतो.

पहिला डोस घाईने द्यायचा नसतो. रुग्ण जांभया देत, नाक पुसत, अंगावर काटा घेऊन आला की मगच गोळी जिभेखाली ठेवतात. आधीच दिली तर ती आधीच्या औषधाला ग्राहीवरून ढकलते आणि टर्की एकदम उसळते. पाच-दहा मिनिटे गोळी गिळायची नाही, बोलायचे नाही, कडवट लाळ तोंडात धरून बसायचे. साधारण तासाभरात खांदे सैल पडतात, आणि कित्येक आठवड्यांनी कोणीतरी चहा मागते. पुढे हा उपचार महिने, अनेकदा वर्षे चालतो. ‘एक नशा सोडून दुसरी धरली’ असे नातेवाईक म्हणतात. त्यांचे दुःख खरे आहे, पण हे म्हणणे चूक आहे. ठरलेल्या डोसवर माणूस कामावर जातो, मुलांची फी भरतो, आणि असे उपचार चालू असताना मृत्यूचे प्रमाण निम्म्याहून कमी होते, हे अनेक देशांतील अभ्यासांत दिसले आहे.

पूर्ण औषधमुक्त झालेल्यांना नाल्ट्रेक्सोन देता येते. ते ग्राही अडवून ठेवते, मात्र त्याआधी ७ ते १० दिवस अफूवर्गीय काहीही घेतलेले नसावे. क्लोनिडिनने घाम, धडधड, बेचैनी आटोक्यात येते. गर्भवतीने औषध अचानक थांबवू नये; गर्भाला धोका असतो, तिला देखरेखीखाली मेथाडोन किंवा ब्युप्रेनॉर्फिन देतात. ज्यांना व्यसन नाही पण दीर्घ वापर झाला आहे, त्यांचा डोस सावकाश उतरवतात, वर्षानुवर्षे घेतले असेल तर महिन्याला सुमारे १० टक्के.

गोळीच्या जोडीला माणसे लागतात. समुपदेशन, गटसभा, मूळ दुखण्यावर व्यायाम आणि इतर उपचार, नैराश्य असल्यास त्याची औषधे हे सारे एकत्र चालावे लागते. पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये सुरू केलेल्या ‘मुक्तांगण’ने समुपदेशन, समूहजीवन आणि कुटुंबाचा सहभाग यांची वाट महाराष्ट्राला दाखवली. केंद्र निवडताना मारहाण, साखळदंड, कोंडून ठेवणे असले प्रकार कळले तर तेथे पाऊल ठेवू नये.

माणूस हाक मारूनही जागा होत नसेल, बाहुल्या टाचणीएवढ्या, श्वास अडखळत, ओठ निळसर असतील तर १०८ ला फोन करावा, त्याला कुशीवर वळवावे, श्वास थांबला असल्यास कृत्रिम श्वास द्यावा. नॅलोक्सोन काही मिनिटांत श्वास परत आणते, पण त्याचा अंमल तास-दीड तासात ओसरू शकतो, म्हणून रुग्णाला शुद्ध आली तरी रुग्णालयात थांबवावे. दारू किंवा झोपेच्या गोळ्यांसोबत हा धोका कित्येक पट वाढतो.

पोलिसांच्या भीतीने दबलेल्यांसाठी अमली पदार्थांच्या कायद्याचे कलम ६४-अ आहे: अल्प प्रमाण बाळगणे किंवा सेवन यांचा आरोप असलेली व्यक्ती स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेत असेल तर तिला खटल्यापासून संरक्षण मिळू शकते. केंद्र सरकारची व्यसनमुक्ती मदतवाहिनी १४४४६ या क्रमांकावर, तर मानसिक आरोग्याची टेलिमानस १४४१६ वर आहे.

बऱ्या झालेल्या माणसाला पुढे कधीतरी दाढ काढावी लागते, हाड मोडते, शस्त्रक्रिया ठरते. त्याने सर्जन आणि भूलतज्ज्ञ यांना आधीच सगळे सांगावे. ब्युप्रेनॉर्फिन बहुतेक वेळा चालूच ठेवतात, नसा बधिर करण्याची इंजेक्शने आणि साधी वेदनाशामके आधी वापरतात, अफूवर्गीय औषध लागलेच तर मोजक्या दिवसांचे देतात आणि पट्टी घरातल्या दुसऱ्या कोणाच्या ताब्यात राहते.