दिनविशेष : ४ जुलै – पालवणकर बाळू यांचा स्मृतिदिन

पाली (जि. बीड) : डावखुरे फिरकी गोलंदाज पालवणकर बाळू यांचे ४ जुलै १९५५ रोजी मुंबईत निधन झाले. १८७६ मध्ये धारवाडला चर्मकार कुटुंबात जन्मलेले बाळू पुण्यात इंग्रजांच्या जिमखान्यावर खेळपट्टीची देखभाल करता करता गोलंदाज झाले. गोऱ्यांना हरवायचे तर बाळूंवाचून गत्यंतर नाही, हे कळल्यावर हिंदू संघाने त्यांना घेतले. मैदानात त्यांनी टाकलेला चेंडू सगळ्यांना चालत होता. चहाची वेळ झाली की मात्र त्यांचा पेला वेगळा आणि जागा बाहेरची! १९०६ मध्ये ते आणि त्यांचे भाऊ शिवराम खेळत असलेल्या हिंदू संघाने युरोपियनांना हरवले. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात बाळूंनी ११४ बळी घेतले. तरी हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधीच मिळाले नाही. हा अन्याय विसरता येण्याजोगा नाही.

१९२३ मध्ये धाकटे भाऊ विठ्ठल कर्णधार झाले, संघ जिंकला आणि सवर्ण प्रेक्षकांनीच त्यांना खांद्यावर उचलून घेतले. हिंदू संघ ज्या धर्मवार संघांच्या स्पर्धेत खेळत असे, ती पुढे १९४६ मध्ये बंद पडली, तेही योग्यच झाले.

खेळातला विजय सगळ्यांचा असतो. आपल्या जिल्ह्यातल्या मांडव्याच्या धावपटू अविनाश साबळेंनी २०२२ मध्ये राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्यपदक जिंकले, तेव्हा सारे बीड आनंदले. हे लक्षात ठेवून पाली परिसरातल्या क्रीडा मंडळांनी संघ निवडताना आडनाव न पाहता खेळ पाहावा आणि सामन्यानंतर एकाच पंगतीत जेवावे, ही विनंती.