चित्रातून उभं राहिलेलं गाव

१८५३-५४चा हिवाळा कोरडा आणि कडाक्याचा होता. झ्युरिक सरोवराचं पाणी खूप खाली गेलं आणि ओबरमाइलन गावच्या लोकांनी संधी साधली. उघड्या पडलेल्या काठाला बांध घालायचा, आत भर टाकायची आणि थोडी जमीन पदरात पाडून घ्यायची. भरीसाठी गाळ उपसताना खांबांचे बुडखे लागू लागले, रांगाच्या रांगा. त्यांच्या आजूबाजूला दगडी कुऱ्हाडी, हरणाच्या शिंगांची हत्यारं, खापरं. गावचे शिक्षक योहानेस एप्ली यांनी झ्युरिकच्या पुरातन वस्तू अभ्यासणाऱ्या मंडळाला कळवलं आणि मंडळाचे अध्यक्ष फर्डिनांड केलर यांनी १८५४ मध्येच त्यावर प्रबंध छापला.

जर्मनीत बोडेन्से सरोवराच्या काठी, उंटरउल्डिंगन इथे, आज पाण्यात उभी असलेली घरं लाखो लोक पाहून जातात. त्या खुल्या संग्रहालयाची कुळकथा ओबरमाइलनपासून सुरू होते. आणि माझ्या मते ती खांबांपेक्षा एका चित्राची कथा आहे.

केलर यांना मिळाले होते ते फक्त खांबांचे खालचे भाग. वर काय होतं, घरांची जमीन किती उंचीवर होती, पाणी तेव्हा कुठवर होतं, हे सांगणारं काही उरलं नव्हतं. केलर यांनी ते मनाने भरून काढलं. फ्रेंच दर्यावर्दी द्युमों द्युर्व्हिल यांच्या मोहिमेने न्यू गिनीच्या किनाऱ्यावरच्या, पाण्यात खांब रोवून बांधलेल्या घरांची चित्रं युरोपात आणली होती. हेरोडोटसनेही प्रासियास सरोवरातल्या अशाच वस्तीचं वर्णन करून ठेवलं होतं. केलर यांनी खुल्या पाण्यात एक मोठा लाकडी मंच रेखाटला, त्यावर झोपड्या, काठाला जोडणारा अरुंद पूल. पॅसिफिकमधलं गाव आल्प्सच्या पायथ्याशी आलं.

हे चित्र लोकांनी ज्या उत्साहाने उचललं त्याला कारण होतं. १८४७च्या यादवीतून नुकताच बाहेर पडलेला आणि १८४८ मध्ये संघराज्य झालेला स्वित्झर्लंड धर्म आणि भाषा यांनी वाटला गेलेला होता. कॅथलिक-प्रोटेस्टंट, जर्मन-फ्रेंच या भेदांच्या कितीतरी आधीचे, सगळ्यांचे म्हणता येतील असे पूर्वज सरोवरांच्या तळातून वर आले. १८६७ मध्ये पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनातही ते रंगचित्रांतून मिरवले. इकडे मच्छीमार चिमटे आणि जाळी घेऊन गाळ चाळू लागले, कारण दगडी कुऱ्हाडीला आता गिऱ्हाईक होतं. किती थर त्यात कायमचे विस्कटले असतील!

गाळाची करामत मात्र खरी होती. हवा न पोहोचल्यामुळे त्यात लाकूड कुजत नाही. दांड्यासकट कुऱ्हाडी, जवसाच्या धाग्याचं कापड, मासे धरायची जाळी, चिरून वाळवलेली रानसफरचंदं, बर्चच्या सालीपासून काढलेल्या चिकट राळेवर उमटलेले दात, असं सगळं जसंच्या तसं मिळालं. कोरड्या जमिनीवरच्या उत्खननात यातलं क्वचितच हाती लागतं.

उंटरउल्डिंगनमध्ये १९२२ मध्ये पहिली दोन घरं बांधली गेली. त्यामागे होती स्थानिक इतिहासप्रेमींची नवी संस्था आणि गावचे महापौर गेओर्ग झुल्गर. आराखडे ट्युबिंगनच्या संशोधकांनी फेडरझेच्या दलदलीत केलेल्या उत्खननातून आले. तिथे घरांच्या लाकडी जमिनी दलदलीच्या मातीवरच पसरलेल्या होत्या. तीच घरं इथे उचलून सरोवरात खांबांवर ठेवली गेली! आराखडा उत्खननातला, जागा चित्रातली. या कामात गुंतलेले तरुण संशोधक हान्स राइनर्ट स्वतः मात्र अशा वस्त्या अधूनमधून पाण्याखाली जाणाऱ्या काठावर असाव्यात, असं मांडत होते. १९३१ मध्ये याच फेडरझेच्या बुखाउ इथल्या कांस्ययुगीन वस्तीवरून आणखी घरं उभी राहिली, तीही पाण्यावर.

पुढचा काळ काळोखा आहे आणि तो वगळून ही कथा सांगणं मला अप्रामाणिक वाटतं. राइनर्ट नाझी पक्षाचे विचारवंत रोझेनबर्ग यांच्या यंत्रणेत प्रागैतिहासिक संशोधनाचे सूत्रधार झाले आणि संग्रहालय ‘जर्मन पूर्वजां’च्या प्रचाराला जुंपलं गेलं. युद्धानंतर, १९४९ मध्ये, सहकारी पुरातत्त्वज्ञांनी त्यांना जाहीरपणे नाकारलं. तरी हे संग्रहालय पुढची कित्येक दशकं त्यांच्याच हाती राहिलं. १९९० मध्ये त्यांचं निधन झालं, त्यानंतर पुरातत्त्वज्ञ गुंटर शोबेल यांनी सूत्रं घेतली आणि या इतिहासाचीही उघड छाननी झाली.

दरम्यान चित्रच मोडीत निघालं होतं. १९४२ मध्ये पुरातत्त्वज्ञ ऑस्कर पारेट यांनी ठणकावून सांगितलं की पाण्यावरची घरं हा गोड भ्रम आहे, वस्त्या कोरड्या काठावरच होत्या. केलर यांच्या प्रबंधाला शंभर वर्षं होता होता पुरातत्त्वज्ञ एमिल फोग्ट यांनीही तेच मांडलं. मग १९७०च्या आसपास इटलीत फियावे इथे उंच खांब खरोखरच पाण्यात रोवलेले सापडले आणि वाद पुन्हा पेटला. आता एकच उत्तर कोणी देत नाही. बोडेन्सेचं पाणी आल्प्सचा बर्फ वितळला की उन्हाळ्यात चढतं, हिवाळ्यात उतरतं. त्यामुळे काही घरं पाण्यात, काही पुराच्या पट्ट्यात उंचावर, काही थेट दलदलीच्या मातीवर होती.

संग्रहालयाने जुनी घरं पाडली नाहीत, हे मला फार मोलाचं वाटतं. १९९० नंतर होर्नस्टाड आणि आर्बोन इथल्या उत्खननांवरून नवी घरं उभी राहिली. आर्बोनची वस्ती तर खांबांच्या लाकडातल्या वार्षिक वर्तुळांवरून थेट इसवी सनपूर्व ३३८४ पासून मोजता येते. चालत गेलं की १९२२ची समजूत, १९३१ची समजूत आणि आजची समजूत एकामागून एक पायाखाली येतात.

२०११ मध्ये युनेस्कोने आल्प्सभोवतीच्या सहा देशांतल्या १११ वस्त्यांना जागतिक वारसा ठरवलं. त्यात उंटरउल्डिंगनही आहे. पण मान मिळाला तो संग्रहालयातल्या घरांना नव्हे, तर जवळच पाण्याखाली असलेल्या कांस्ययुगीन खांबांना. बोटींच्या लाटा आणि प्रवाह गाळ धुऊन नेतात, खांब उघडे पडले की झिजतात. म्हणून बोडेन्सेत काही ठिकाणी पाणबुडे त्यांच्यावर कापडाचा थर अंथरून वर खडी टाकतात.