मायाबाजार: एका मोडलेल्या सोयरिकीची कथा

वत्सलाहरणाची कथा ज्यांनीं लहानपणीं आजीच्या तोंडून ऐकली आहे त्यांना, ती व्यासांच्या महाभारतांत नाहीं असें सांगितलें तर तें सहसा खरें वाटत नाहीं. परंतु ती तेथें नाहीं हें निश्चित. मूळ भारतांत अभिमन्यूची भार्या एकच, विराटकन्या उत्तरा. बलरामाच्या मुलीवर त्याचें प्रेम जडलें होतें, तिचें लग्न दुर्योधनपुत्र लक्ष्मणाशीं ठरलें आणि घटोत्कचानें आपल्या मायेनें तें उधळून लावलें, यांतील एक अक्षरही व्यासांचें नव्हे. मग हें आलें कोठून? या प्रश्नाचें उत्तर एखाद्या कवीचें नांव घेऊन देण्यापेक्षां एका चालीचें नांव घेऊन देणें आम्हांला अधिक बरोबर वाटतें.

वनपर्वांत एक लहानशी जागा मोकळी आहे. पांडव वनवासास गेल्यावर कृष्ण सुभद्रेला व अभिमन्यूला द्वारकेस घेऊन जातो. मुलगा आजोळीं वाढतो, अस्त्रविद्या शिकतो. त्यापलीकडे त्याचे दिवस तेथें कसे जात होते याचें व्यासांस फारसें कुतूहल नाहीं. दक्षिणेकडील श्रोत्यांना मात्र तें असणें भाग होतें. आजोळ म्हटलें कीं मामा आला, मामा म्हटला कीं त्याची मुलगी आली, आणि त्या मुलीवर भाच्याचा पहिला हक्क ही समजूत दख्खनपासून खालीं सर्वत्र रुजलेली. बौधायनानें आपल्या धर्मसूत्रांत दक्षिणेकडील म्हणून जे पांच आचार सांगितले त्यांत मामाच्या व आत्याच्या मुलीशीं विवाह हा येतोच. ज्या मुलखांत हें नातें निषिद्ध, तेथल्या कथेकऱ्यास ही गोष्ट सुचलीच नसती. आमच्याकडे ती सुचल्यावांचून राहणें कठीण होतें.

यांत बलरामाचें मात्र नवल वाटतें. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘संगीत सौभद्रां’त (१८८२) हाच गृहस्थ आपली बहीण सुभद्रा दुर्योधनाला देऊं करतो, कृष्ण आंतून सूत्रें हालवितो आणि घटोत्कच वधूला उचलून नेतो. एक पिढी उलटते. सुभद्रा आतां स्वतः मुलाची आई होऊन भावाच्या दारीं येते, आणि दादा पुन्हां त्याच कौरवांच्या घरीं आपली मुलगी देण्यास निघतात! अनुभवानें मनुष्य शहाणा होतो हा नियम यादवकुलास लागू नसावा.

मराठींत या मुलीचें नांव कोठें वत्सला, कोठें सुरेखा. कोल्हापुरास बाबूराव पेंटरांनीं १९२१ सालीं ‘सुरेखाहरण’ हा मूकपट काढला, व्ही. शांताराम नट म्हणून पडद्यावर प्रथम आले ते त्यांतच. तेलुगु मुलखांत तिचें नांव शशिरेखा. तिकडे ही कथा गांवोगांव पोहोंचविण्याचें मोठें श्रेय सुरभि नाटक मंडळ्यांना आहे. कडप्पा जिल्ह्यांतील सुरभि या गांवीं १८८५ सालीं झालेल्या कीचकवधाच्या खेळापासून या मंडळ्यांची परंपरा सुरू झाली. विशेष हें कीं, हीं घराणीं मूळचीं मराठी. चामड्याच्या बाहुल्यांचे खेळ करीत करीत तीं दक्षिणेंत उतरलीं. रंगभूमीवर अस्खलित तेलुगु बोलणारा त्यांचा घटोत्कच घरीं येऊन आरे मराठींत जेवण मागतो, हें आमच्या वाचकांपैकीं थोड्यांनाच ठाऊक असेल. या नाटकांतील चमत्कार त्या मंडळ्या पडदे, तारा व कळसूत्रें यांच्या बळावर प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत घडवून आणीत.

तेलुगुंत १९३६ सालींच या कथेवर एक बोलपट निघाला होता. परंतु आज ‘मायाबाजार’ म्हटलें कीं जो आठवतो तो मद्रासच्या विजया प्रॉडक्शन्सचा, २७ मार्च १९५७ रोजीं प्रकाशित झालेला. दिग्दर्शक के. व्ही. रेड्डी, लेखक पिंगळि नागेंद्रराव, छायाचित्रकार मार्कस बार्टले. त्याच वर्षीं तो तामिळमध्येंही निघाला. पुढें २०१० सालीं त्याला रंग चढवून पुन्हां दाखविण्यांत आलें. आम्हांला त्याचें मूळचें काळें-पांढरें चांदणेंच अधिक आवडतें.

या चित्रपटाला लोक पौराणिक म्हणतात. आमच्या मतें तो एका मोडलेल्या सोयरिकीचा प्रहसनमय इतिहास आहे. मुलें लहान असतांना बलरामानें बहिणीला शब्द दिलेला असतो. मग द्यूत होतें, पांडवांचें राज्य जातें, आणि सुभद्रा मुलाला घेऊन माहेरीं येते. तिच्याशीं बोलतांना भावजयीचा, म्हणजे रेवतीचा, स्वर एकदम बदलतो. हा स्वर ओळखण्यास पुराणें वाचावीं लागत नाहींत. ज्या घरांतून एके काळीं मागणी यावी म्हणून देव पाण्यांत घातले, त्याच घरावर दिवस फिरतांच दिलेल्या शब्दाची आठवण पुसट होत जाते; आणि ती का झाली हें कोणी मोठ्यानें बोलत नाहीं. पांडव या चित्रपटांत एकदांही पडद्यावर येत नाहींत. ही युक्ति आम्हांस फार मार्मिक वाटते. गरीब झालेल्या नातेवाइकांची चर्चा घरांत पुष्कळ होते, पण त्यांना बोलावणें जात नाहीं.

याच ठिकाणीं प्रियदर्शिनी नांवाची जादूची पेटी येते. तींत पाहणाऱ्याला आपली सर्वांत प्रिय वस्तु दिसते. शशिरेखेला अभिमन्यु दिसतो, रेवतीला जडजवाहीर, बलरामाला त्याचा लाडका शिष्य दुर्योधन, आणि कृष्णाला शकुनि! जादू येथें कोणाच्याही मनांत नवें कांहीं घालीत नाहीं. शेक्सपिअरच्या वनांत डोळ्यांवर फुलाचा रस पिळतांच भलत्यावर प्रेम बसतें. मायाबाजारांतल्या सर्व मायेनें मिळूनही कोणाचें कोणावर प्रेम बसत नाहीं कीं उडत नाहीं. जें आहे तें फक्त उघडें पडतें. शेवटीं शकुनीला ज्या पीठावर उभें करून त्याच्याच तोंडून कौरवांचा डाव वदवून घेतात, त्याचीही करामत तेवढीच.

आतां मुख्य गोष्ट. घटोत्कच (एस. व्ही. रंगाराव) रात्रीं द्वारकेंत शिरतो आणि निजलेल्या शशिरेखेला पलंगासकट उचलून आपल्या आश्रमांत आणतो, मग तिचें रूप घेऊन स्वतः तिच्या घरीं जातो. म्हणजे सावित्री या नटीला मुलीच्या देहांत वावरणारा राक्षस व्हावें लागतें. पुरुषांनीं स्त्रीभूमिका करण्याची कला आम्हां मराठी लोकांना बालगंधर्वांमुळें चांगली परिचित आहे. येथें स्त्री नट पुरुष होऊन पुन्हां स्त्रीचें सोंग करते. लाजतां लाजतां तिची मान एकदम ताठ होते, चालण्यांत रंगारावांची ऐट येते, विवाहाच्या आनंदाचें गाणें गातांना मध्येंच पुरुषी आवाज फुटतो, आणि क्षणांत ती पुन्हां पदर सांवरते. हें काम पाहून हंसूं येतें, आणि हंसतां हंसतां एक गोष्ट ध्यानांत येते. खरी शशिरेखा या घरांत दुःख करूं शकते, रुसूं शकते. पण नवरा मुलगा नापसंत म्हणून त्याची फजिती करूं शकत नाहीं. तिचा चेहरा घेतलेला राक्षस तें सर्व करतो. नियोजित वराला दटावतो, नाचवितो, भर मंडपांत त्याचा थरकांप उडवितो. मुलीच्या मनांत होतें तें मुलीच्याच तोंडानें बोललें जातें, पण बोलणारा कोणी दुसरा असावा लागतो. १९५७ सालच्या प्रेक्षकांत बसलेल्या किती मुलींना हें दृश्य निव्वळ विनोदाचें वाटलें असेल?

म्हणूनच आम्हांला एक खटकतें. इतकें धैर्य घटोत्कचाला देणाऱ्या लेखकानें त्याचा लहानसा वांटा खऱ्या शशिरेखेला द्यावयास हरकत नव्हती. तिला झोंपेंत उचलून नेतात. तिचें मन सर्वांना ठाऊक होतें हें खरें, तरी विचारावयाचें राहून गेलें तें गेलेंच. लक्ष्मणकुमाराची (रेलंगी) थट्टाही कांहीं ठिकाणीं अंमळ लांबते. बिचाऱ्याचा दोष एवढाच कीं, तो आरशाचा भक्त आणि जातीचा भित्रा.

बाकी आनंदाला तोटा नाहीं. वरपक्षासाठीं मांडलेलें जेवण घटोत्कच एकटा फस्त करतो तें दृश्य तेलुगु घरांतील लहान मुलेंही जाणतात. व्याह्यांच्या उपाध्यायांना मेजवानींत अंबाडीच्या भाजीची, म्हणजे त्यांच्या गोंगूऱ्याची, आठवण होते. द्वापरयुगांतही आंध्राची जीभ बदललेली नाहीं. घटोत्कचाचे चेले ‘अस्मदीय’च्या धर्तीवर ‘तस्मदीय’ असा शब्द बनवितात. पाणिनीला तो चालणार नाहीं, पण आंध्रांत तो चालला, आणि अजून चालतो. आपण जिला चांडाळचौकडी म्हणतों तिला तेथें दुष्टचतुष्टय हें नांव आहे.

लग्न लागतें तें आश्रमांत, आणि चित्रपट तेथेंच थांबतो. पुढची हकीकत द्रोणपर्वांत आहे. युद्धाच्या तेराव्या दिवशीं चक्रव्यूहांत अभिमन्यु आणि दुर्योधनाचा लक्ष्मण समोरासमोर येतात. अभिमन्यूच्या हातून लक्ष्मण पडतो, आणि त्याच दिवशीं स्वतः अभिमन्युही. दुसऱ्या रात्रीं कर्णाच्या शक्तीनें घटोत्कच जातो. चित्रपटगृहांत बसलेल्या प्रत्येक म्हातारीला हें ठाऊक असतें, आणि तरी जेवणाच्या त्या दृश्यांत सर्वांत मोठ्यानें हंसत असते ती तीच.