टेलिफोन एक्स्चेंजमधल्या फाइली कोण उघडतो? युजर आणि सेशनची माहिती

बेळगाव : सी-डॉट या सरकारी संस्थेचे पहिले १२८ लाइनचे ग्रामीण एक्स्चेंज १९८६ साली आपल्याच जिल्ह्यात, कित्तूरला सुरू झाले. अशा डिजिटल यंत्रांमुळे एक्स्चेंज म्हणजे एक संगणकच झाला. संगणक म्हटला की फाइली आल्या, आणि त्या उघडणारेही आले. त्यांच्यावर लक्ष कसे ठेवतात, ते पाहू.

फाइलीत काय असते?

प्रत्येक कॉलची नोंद होते, तिला सीडीआर म्हणतात. कोणत्या नंबरवरून कुठे फोन लागला, किती वाजता, किती वेळ चालला, एवढे त्यात असते, बोलणे नसते. निपाणीतून (०८३३८) कोल्हापूरला (०२३१) लावलेल्या फोनचा हिशोबही या नोंदीवरूनच होतो. ठराविक वेळाने या फाइली बिलिंगच्या संगणकावर पाठवतात. त्याची जुनी पद्धत म्हणजे एफटीपी.

युजर सांभाळताना

- प्रत्येक माणसाला आणि प्रत्येक यंत्रणेला वेगळा युजर हवा. सगळ्यांचा एकच पासवर्ड असला, की फाइल कोणी पुसली ते कळायला मार्ग नाही.
- बिलिंगच्या युजरला फक्त त्याचे फोल्डर आणि तेही फक्त वाचण्यापुरते.
- यंत्रासोबत आलेला मूळ पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलायचा.
- बदली झाली, निवृत्ती झाली, ठेका संपला, की त्याच दिवशी युजर बंद.

सेशन सांभाळताना

लॉगिनपासून लॉगआउटपर्यंतचा काळ म्हणजे सेशन. एका वेळी किती सेशन चालतील याला मर्यादा असते. लाइन मध्येच तुटली तर सेशन लटकून राहू शकते. अशी चार-दोन साठली की बिलिंगच्या संगणकालाच आत जागा मिळत नाही, फाइली साचतात आणि डिस्क भरत जाते. म्हणून काही मिनिटे हालचाल नसलेले सेशन आपोआप बंद होईल, अशी सोय ठेवतात.

हाताने सेशन तोडायचे असेल तर आधी बघा : युजर कोण, कोणत्या आयपीवरून आला, फाइल जात आहे का? फाइल अर्धवट पोचली असेल तर ती पुन्हा पाठवायची, दोन्हीकडचा आकार जुळवायचा आणि मगच मूळ फाइल पुसायची.

एफटीपी की एसएफटीपी?

साध्या एफटीपीत (पोर्ट २१) पासवर्ड आणि फाइल दोन्ही उघडेच जातात. एसएफटीपीत (पोर्ट २२) ते कुलूपबंद जातात. जुन्या यंत्रात ही सोय नसेल तर वेगळे नेटवर्क ठेवून ठरावीक आयपींनाच प्रवेश द्यावा.

आपला संबंध काय?

डिसेंबर २०२१ पासून दूरसंचार कंपन्यांना कॉलच्या नोंदी किमान दोन वर्षे जपाव्या लागतात. कोण कोणाशी, कधी, किती वेळ बोलला, हे त्यातून सगळे दिसते. दवाखाना, कारखाना, कॉलेज यांच्या ईपीएबीएक्समध्येही अशा नोंदी साठू शकतात. तुमच्या संस्थेत तो असेल तर देखभालवाल्याला तीनच गोष्टी विचारा : युजर किती आहेत, त्यातले सोडून गेलेले किती, आणि मूळ पासवर्ड बदलला आहे का?