एका गावात दोन राज्ये : देवास पायी पाहताना

इंदूरहून देवास जेमतेम पस्तीस किलोमीटर. क्षिप्रेचा पूल ओलांडला की थोड्याच वेळात टेकडी दिसू लागते आणि गाडीतले निम्मे लोक हात जोडतात. आपल्यापैकी कितीतरी जणांची मुले रोज तिकडच्या कारखान्यांत जातात, तिकडची इकडे येतात. देवास आता इंदूरचे उपनगर झाल्यासारखेच आहे. पण सगळा प्रवास हमरस्त्याने होतो, आणि हमरस्त्यावरून देवासचा इतिहास काही दिसत नाही. तो दिसायला पायी फिरावे लागते. माझ्या मामांनी मला तो तसाच दाखवला. मामा आता नाहीत. गेल्या पावसाळ्यात आम्ही दहा-बारा जण त्याच वाटांनी फिरून आलो, त्या फेरीबद्दल चार गोष्टी लिहाव्यात असे वाटले.

सुरुवात टेकडीपासून करावी, आणि ती सकाळी. आता वर जायला रोपवेही आहे. म्हाताऱ्या माणसांची सोय झाली हे चांगलेच, पण गुडघे धड असतील तर पायऱ्यांनी जावे, किंवा उताराच्या रपट्याने. श्रावण-भाद्रपदात सगळा डोंगर हिरवा असतो. काळ्या खडकाच्या भेगांतून गवत वर आलेले, मध्ये कडुनिंब, सीताफळ, पळस. खाली माळव्याची काळी जमीन सोयाबीनने झाकलेली. हीच जमीन उन्हाळ्यात भेगाळते आणि टेकडी उघडीबोडकी दिसते. म्हणून पहिल्यांदा जाणाऱ्याने पावसाळाच गाठावा.

वर दोन देव्या. मोठी माता तुळजाभवानी आणि धाकटी माता चामुंडा. चामुंडेची मूर्ती कड्याच्या खडकातच कोरलेली आहे. लोक सांगतात की दोघी बहिणी, दोघींत भांडण झाले, थोरली पाताळात निघाली, धाकटी टेकडी सोडून चालली, तेव्हा हनुमान आणि भैरव आडवे आले आणि दोघी जिथल्या तिथे थांबल्या. ही कथा सांगताना मामा नेहमी खाली गावाकडे हात करायचे. वर दोन बहिणी, खाली दोन भाऊ, असे ते म्हणत. कथा आधीची की गावची वाटणी आधीची, या वादात ते पडत नसत.

ते दोन भाऊ म्हणजे तुकोजीराव आणि जिवाजीराव पवार. १७२८ साली बाजीराव पेशव्यांच्या फौजेबरोबर ते माळव्यात आले आणि देवास त्यांच्याकडे आले. होळकर इंदूरला, शिंदे उज्जैन-ग्वाल्हेरला, पवार धारला आणि देवासला. आपल्यापैकी बहुतेकांचे पूर्वज यांच्यापैकी कुणा ना कुणाच्या मागून, कुणी तलवार घेऊन, कुणी बोरू घेऊन, कुणी पंचांग घेऊन इकडे आले. देवासची गोष्ट वेगळी एवढ्याचसाठी की दोघा भावांनी राज्य एकत्र चालवले. पुढे वंशजांचेही बराच काळ तसेच चालले. १८१८ साली इंग्रजांशी तह झाला तोही दोघांचा मिळून. कारभार वेगळा झाला तो १८४१ नंतर. मग थोरली पाती आणि धाकटी पाती अशी दोन संस्थाने झाली. पाती म्हणजे वाटा. शेताला पाती असते तशी राज्याला पाती. दोन्ही गाद्यांना १५-१५ तोफांची सलामी, आणि दोन्ही राजधान्या एकाच गावात.

नकाशावर हे समजत नाही. दोघांचा मुलूख एकमेकांत इतका मिसळलेला होता की नकाशा काढणाराच वैतागावा. ते समजते गावातल्या मुख्य रस्त्यावर उभे राहिल्यावर. या रस्त्याची एक बाजू एका पातीची, समोरची दुसरीची. पाण्याची व्यवस्था दोन्हीकडे वेगळी, दिवाबत्ती वेगळी. न्यायकचेऱ्याही दोन. समोरच्या घरातल्या सुनेने चूल पेटवायला निखारा मागितला तर तो परराज्यात जात असे, असे आजी हसत सांगायची. आजी धाकट्या पातीची. लग्न होऊन ती रस्ता ओलांडून थोरल्या पातीत आली आणि शेवटपर्यंत माहेरची बाजू घेऊन भांडली. तिकडे दिवे जास्त उजेडाचे होते, हा तिचा मुख्य मुद्दा.

मामा हा रस्ता काठीने दाखवायचे. सरळ रेषेत चालणारी हद्द एका बोळाशी वळते, एका वाड्याला वळसा घालते आणि पुन्हा रस्त्यावर येते, हे ते पाय ठेवून दाखवत. आम्हा पोरांचा खेळ एकच. एक पाय थोरल्या पातीत, एक धाकट्या पातीत ठेवून चालायचे आणि पडेल त्याने दोन्ही राजांना मुजरा करायचा. आता वाड्यांच्या जागी दुकाने आली आहेत, काचेची, शटरची. हद्दीची खूण म्हणून कुणी काही ठेवलेले नाही, ठेवण्याचे कारणही नव्हते. १९४८ साली दोन्ही संस्थाने मध्य भारतात विलीन झाली, तेव्हा दोनदोन कचेऱ्या चालवून दमलेल्या लोकांना सुटल्यासारखेच वाटले असेल.

या विचित्र कारभाराची नोंद जगाला झाली ती एका इंग्रजामुळे. ई. एम. फॉर्स्टर हा कादंबरीकार १९१२ च्या अखेरीस पहिल्यांदा देवासला आला आणि १९२१ मध्ये थोरल्या पातीचे महाराज तिसरे तुकोजीराव यांचा खाजगी चिटणीस म्हणून काही महिने राहिला. त्या वर्षीची देवासची गोकुळाष्टमी त्याने राजवाड्यात राहून पाहिली. ‘अ पॅसेज टू इंडिया’ या १९२४ च्या कादंबरीचा शेवटचा भाग त्या उत्सवावर उभा आहे. पुढे १९५३ मध्ये त्याने देवासवर एक पुस्तकच लिहिले, आणि त्याला नाव दिले या टेकडीचे : ‘द हिल ऑफ देवी’. टेकडीच्या माथ्याचीसुद्धा दोन पात्यांत वाटणी झाली होती, हे त्यानेच नोंदवून ठेवले आहे. माथ्यावर उभे राहून हे वाचून दाखवले तेव्हा आमच्यातल्या एका मुलाने पायाखाली पाहिले.

फॉर्स्टरला आमच्या उत्सवातला गोंधळ कळला, गोडवाही कळला. पण महाराजांविषयीची त्याची माया मला अधिक भावते, कारण तुकोजीरावांचा शेवट चांगला झाला नाही. कोल्हापूरच्या शाहू महाराजांचे ते जावई. संसार विस्कटला, संस्थान कर्जात बुडाले. १९३४ मध्ये ते देवास सोडून पाँडिचेरीला गेले आणि १९३७ मध्ये तिथेच वारले. त्यांचे पुत्र विक्रमसिंह पुढे १९४७ मध्ये शहाजी छत्रपती म्हणून कोल्हापूरच्या गादीवर बसले. पुण्या-मुंबईचे पाहुणे आपल्याला ‘तिकडचे मराठी’ म्हणतात तेव्हा मला हे आठवते, आणि मी गप्प बसतो.

टेकडी उतरून आले की पायथ्याशी माताजीच्या रस्त्यावर ‘भानुकुल’ लागते, कुमार गंधर्वांचे घर. इथे आमची फेरी बराच वेळ थांबली. बेळगावजवळच्या सुळेभावीचा हा मुलगा, शिवपुत्र कोमकळी, मुंबईत देवधर मास्तरांकडे शिकला, नाव झाले, आणि क्षयाने गाठले. कोरडी हवा म्हणून १९४८ मध्ये देवासला आणले. साधारण पाच वर्षे गाणे बंद. खाटेवर पडल्या पडल्या कानावर काय यायचे? रस्त्याने टेकडीवर जाणाऱ्या बायकांची माळवी गाणी, नाथपंथी जोग्यांची निर्गुणी पदे. देवासला शीलनाथ महाराजांची धुनी आहे, तिथे या पदांची परंपरा होती. बरे होऊन ते गायला बसले तेव्हा माळव्याची लोकधून रागसंगीतात आली आणि निर्गुणी भजने मैफलीत आली. उत्तम वैद्य आणि कोरडी हवा यांचे श्रेय आहेच, पण हे घर टेकडीच्या वाटेवर नसते तर ते सगळे कानावर कसे पडले असते? १९९२ मध्ये ते याच गावात गेले. देवासला गाणे काही त्यांनीच आणले असे नव्हे. उस्ताद रजब अली खाँ हे दरबारचे गवई १९५९ पर्यंत इथेच होते.

दुपारनंतर तळ्यावर जावे. मीठा तालाब म्हणतात त्याला. काठाजवळ पवारांच्या छत्र्या आहेत. घडणीत मराठी वळण स्पष्ट दिसते, आणि पावसाळ्यात दगडांच्या सांध्यांतून रोपटी उगवलेली असतात. पिंपळाचे रोप दिसायला छान, पण दगड तेच फोडते. आम्ही दोन-चार काढायला गेलो तर मुळे हाताला दाद देईनात. तेव्हा ते जाणत्या माणसाचेच काम आहे. पाण्याकडे तोंड करून बसले की मागे टेकडी असते आणि पुढ्यात तिचे प्रतिबिंब. इथे आम्ही डबे उघडले.

जेवताना एक प्रश्न निघाला. मामा दाखवायचे तो बोळ कुठला? आमच्यातल्या तिघांनी तीन बोळ सांगितले. प्रत्येकाने लहानपणी मामांचे बोट धरून तीच हद्द ओलांडलेली, आणि तिघेही साठीपुढचे. आजीचा माहेरचा वाडा नक्की कुठे होता, हेही त्यामुळे अधांतरी राहिले. परतताना त्या रस्त्यावरून पुन्हा एकदा गेलो. एका दुकानदाराने विचारले, काही हरवले आहे का? हो म्हणालो.

घरी आल्यावर जुन्या ट्रंकेत शोधले तेव्हा आजोबांचा शाळेचा दाखला मिळाला, वर ‘देवास, थोरली पाती’ असे छापलेले. असे कागद इंदुरातल्या पुष्कळ घरांत असतील. घरपट्टीच्या पावत्या, दाखले, लग्नपत्रिका, मोडीतली पत्रे. त्यांवर मोहल्ल्याचे नाव आणि पातीचे नाव दोन्ही असतील तर हद्दीचा तेवढा तुकडा पक्का होतो. दिवाळीनंतर, थंडी पडू लागली की आम्ही पुन्हा जाणार आहोत. कागद असतील त्यांनी मूळ प्रत घरीच ठेवावी, झेरॉक्स मंडळाच्या कार्यालयात आणून द्यावी. चालायचे जोडे घालून यावे. खडू आम्ही आणू.